पल्याडची जागा

आमच्या घरात दिवस शिवणाच्या मशीनने उजाडायचा. बाबा शिंपी होते. कुवेत शहरात, मिरकाबच्या गल्लीत रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं दुकान, तिच्यामागे छोटं अंगण, अंगणाला लागून बैठकीची खोली, तिच्या पाठीला स्वयंपाकघर, आणि वर सपाट गच्ची. पहाटेची नमाज पढून बाबा मशीनवर बसले की तो खडखडाट दुपारच्या अजानपर्यंत चाले. तिथले लोक घालतात ते पायघोळ पांढरे अंगरखे बाबा शिवत, आणि त्यातून उरलेल्या कापडाचं आमच्या घरात सगळं काही होई. उशांचे अभ्रे, माझ्या सलवारी, यासीनचे सदरे, आणि स्वयंपाकघर व बैठक यांच्यामधला पडदासुद्धा. त्यामुळे आमचं घर आतून पांढरंशुभ्र असे. मग कधी धुळीचं वादळ येई आणि एका दुपारीत सगळं विटकरी होऊन जाई. अम्मा पडदा उतरवून गच्चीवर झटकायला नेई. आवाज म्हणाल तर मशीनचा, स्टोव्हचा, गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवणाऱ्या पाण्याच्या टँकरचा, आणि शेजारच्या घरातल्या रेडिओचा. त्या रेडिओवर एक बाई दुपारभर गायची. मला तिचा एक शब्द कळत नव्हता, पण तिच्या गाण्यावर माझ्या भाकऱ्या गोल होत.

खाण्याचं आम्हांला तिथे कमी नव्हतं. मासळी बाजारात पापलेट भरपूर. त्याला तिथे जुबैदी म्हणतात, आणि माझं नाव जुबैदा. बाबांनी मासळी आणली की यासीन दारातूनच ओरडे, "अम्मा, आज कुठली जुबैदी तळायची? ही की ती?" गलबतांवरून नारळ येत, तांदूळ येई, सुकी कोळंबी येई. बंदरावर आमच्या गावाकडचं कुणी उतरलं की त्याच्या गाठोड्यात आमसुलं असायचीच. रोटी मात्र कोपऱ्यावरच्या इराण्याच्या भट्टीतून. ती गरम, परातीएवढी रोटी यासीन कागदाशिवाय, नुसती हातावर घेऊन धावत येई आणि घरी पोचेपर्यंत तिचा एक कोपरा गेलेला असे.

यासीन माझा भाऊ, माझ्याहून थोडासा मोठा. गावच्या शाळेत मी चौथी पुरी केली आणि अम्मा आणि यासीनबरोबर बोटीने बाबांकडे आले, ती त्या घरात शिरले ती शिरलेच. मुळात मी घाबरट. गावातही पाहुणे आले की मी कणगीमागे जाऊन बसे. कुवेतमध्ये तर भाषाही परकी, आणि मी नुकता बुरखा घ्यायला लागलेली. मला काही हवं असलं तर मी यासीनच्या कानात सांगे आणि तो जगाला सांगे. भट्टीवाल्याला, कासाराला, शेजारणीच्या मुलींना, कधी कधी बाबांनासुद्धा. "जुबैदा म्हणते चष्म्याशिवाय सुई ओवू नका," असं तो बाबांना सांगे, आणि मी तिथेच पडद्याआड उभी असे. माझा आवाज म्हणजे यासीन, असं अम्मा म्हणायची. आज माझी नात मला विचारते, आजी, काय लिहितेस? तेही इंग्रजीत विचारते. मी म्हणते, काही नाही गं. अजूनही मला समोरासमोर सांगवत नाही, म्हणून हे कागदावर.

त्या यासीनला फुटबॉलचं वेड होतं. शहराच्या जुन्या कोटाबाहेर मोकळी वाळू होती, तिथे शुक्रवारी आमच्या लोकांची टीम खेळायची. मी कधी पाहिलं नव्हतं, पण सगळा खेळ मला ठाऊक होता, कारण यासीन घरी येऊन तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर मांडत असे. बटाटे म्हणजे समोरची टीम, कांदे म्हणजे आपली. गोलात लसणाचा गड्डा. आणि सगळ्यांच्या मधोमध नारळाची करवंटी पालथी घालायची, तो सेंटर हाफ. "हे बघ," तो सांगे, "मागून चेंडू येतो तो हिच्याकडेच. आणि पुढे कुणाला मिळणार, ते हीच ठरवते. ही चुकली की सगळे कांदे उगाच पळतात." मी विचारी, "मग तू कुठे?" तो तेव्हा कुठेच नव्हता. मोठी माणसं खेळत, तो बाहेर गेलेला चेंडू आणून देई, आणि सरावाला माणूस कमी पडला तर त्याला आत घेत. अम्मा कांदा चिरायला मागायची आणि तो म्हणे, "थांब, तो राईट आऊट हाय."

टीम कशी होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गावाकडे एक खाडी. तिच्या एका काठाचे ते अल्याडचे, दुसऱ्या काठाचे ते पल्याडचे. जमात एक, कबरस्तान एक, पण काठ दोन, आणि प्रत्येक गोष्टीत वाटा सारखा पाहिजे. कुवेतला आलेल्या आमच्या माणसांनी खाडी बरोबरच आणली होती. एकट्या पुरुषांच्या खोल्या दोन, जेवणाची ताटं दोन, आणि टीमसुद्धा तशीच वाटून घेतलेली. गोल आणि मधली जागा पल्याडची, पुढची फळी अल्याडची, उरलेल्या जागा अर्ध्या अर्ध्या. टीम पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा भांडण नको म्हणून हे ठरलं, आणि मग तो कायदाच झाला. अल्याडचा कुणी कितीही चांगला असला तरी पल्याडच्या जागेवर उभा राहायचा नाही. आम्ही अल्याडचे. मधल्या जागेवर होते पल्याडचे हसनमामू. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, सगळेच त्यांना मामू म्हणत. उंच, हळू बोलणारे, राईला एका गॅरेजात मोठे मेकॅनिक. राई म्हणजे तेव्हा वाळूत उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडी होत्या, आजच्यासारखी चकचकीत दुकानं नव्हती.

त्या हिवाळ्यात हसनमामूंचा गुडघा बिघडला. आणि त्याच हिवाळ्यात यासीनला मिसरूड फुटलं. या दोन गोष्टींचा संबंध असा की मुलगा मोठा झाला म्हणजे बापाच्या कागदांवर त्याला राहता येत नसे. त्याला स्वतःचं काम हवं, आणि त्याच्यासाठी जामीन राहणारा तिथला माणूस हवा. बाबांनी खूप दारं पाहिली. शिंपीकामात यासीनचं मन नव्हतं, आणि बाबांच्या दुकानाला दुसऱ्या माणसाचे कागद मिळणार नव्हते. एकच दार अर्धं उघडं होतं. हसनमामूंच्या गॅरेजचा कुवेती मालक फुटबॉलचा शौकीन होता. रोज कुणी ना कुणी आपला पुतण्या नाहीतर भाचा त्याच्यापुढे उभा करी, त्याला तो कंटाळला होता. त्याने हसनमामूंना सांगून टाकलं होतं, "तुमच्या टीममध्ये जो नवा येईल, त्या एकाला मी जामीन राहतो. बाकी कुणाला माझ्याकडे आणू नका."

म्हणजे टीमने यासीनला घेतलं तर तो राहणार, नाही घेतलं तर पुढच्या बोटीने मुंबई आणि तिथून गाव. आणि तो गेला तर मीही. अम्माने ते ठरवूनच टाकलं होतं. मुलीला एकटीला बोटीने पाठवता येत नाही, आणि लग्नासाठी मला कधीतरी गावी न्यायचंच होतं, तर भावाबरोबर सुरक्षित जाईल. दादीच्या मागून शेणी थापीन, आणि कुणी विचारलं तर मान हलवीन. गावाबद्दल माझ्या मनात वाईट नव्हतं. पण चार माणसं एका छपराखाली राहत होती, ती दोन-दोन होणार होती, मध्ये समुद्र. अम्मा रात्रीच्या भाकऱ्या थापताना गाणं गुणगुणायची, ती त्या दिवसांत गुणगुणेना. मी यासीनच्या कानात म्हटलं, "तू बाबांना सांग ना, जमातीत बोला म्हणून." पहिल्यांदाच तो माझा निरोप पोचवायला तयार झाला नाही. म्हणाला, "बाबांना बोलताच येत नाय तिथे. तुला माहीत नाय काय?"

मला माहीत होतं. आमच्या जमातीची रीत अशी की ज्याच्या घरची बाब असेल त्याने उंबऱ्याशी, चपलांजवळ बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मग मधे कुणी वडीलधारा ती बाब सगळ्यांपुढे ठेवतो, आणि तीन वेळा विचारतो, कुणाचं काही? पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा वाद घालायचा तो घालावा. तिसऱ्या वेळी सगळे गप्प राहिले की ठरलं. ठरलं की आतून मलिदा येतो. जाड रोट्या भाजून, कुस्करून, त्यात गूळ, ओलं खोबरं, तूप, वेलची. परात पांढऱ्या कापडाने झाकलेली. तिच्यावर फातिहा, म्हणजे कुराणातली दुआ, पढली, सगळ्यांचं तोंड गोड झालं की मग त्या गोष्टीवर पुन्हा बोलायचं नाही. आणि झाकलेली परात एकदा बैठकीत आली की फातिहा झाल्याशिवाय आत परत न्यायची नाही. घराची बरकत जाते, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

बैठक आमच्याच घरी भरली. दुसरीकडे कुठे भरणार? आमच्या लोकांपैकी बायकामाणसांचं घर त्या गल्लीत आमचंच, आणि मलिदा बायकांच्या हातचा लागतो. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली आणि माणसं आली. अम्माने नारळाच्या दुधातला भात केला होता आणि पापलेटचं कालवण. यासीनला बाबांनी समुद्रावर पाठवून दिलं होतं, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो आसपास नको. जेवणं झाली, ताटं आत आली. दोन्ही काठांची ताटं आम्ही वेगळी वाढली होती, पण चाटूनपुसून सारखीच स्वच्छ आली. मग पडद्यापलीकडे खाकरण्याचा आवाज झाला. तो नाखवाचाचांचा. हे आमच्यातले सगळ्यांत वयोवृद्ध, पूर्वी गलबतावर नाखवा होते, आता एका गोदामाची राखण करत. अम्मा आणि मी पडद्याला कान लावून बसलो. परात आमच्यामध्ये, झाकलेली.

"हसनच्या जागी टेलरचा यासीन," नाखवाचाचा म्हणाले. "कुणाचं काही?"

"काही म्हणजे? सगळंच हाय!" हा दाऊदभाईंचा आवाज. हे पल्याडचे, टीमचे गोलकीपर, एका हॉटेलात आचारी. अंगाने दार भरून जाईल असे. "मधली जागा पल्याडची. आज मधली दिली, उद्या म्हणाल गोलपण द्या. मग मी काय करू? चपला सांभाळू?"

"गोलात उभा राहून तरी तू दुसरं काय करतंस?" अल्याडचं कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

"हसा, हसा. आमचा इक्बाल येतोय गावाहून. माझ्या बहिणीचा मुलगा. घोड्यासारखा धावतो. त्याच्यासाठी ठेवा जागा."

"घोडा बांधायला तबेला नाय हा, दाऊद."

"आणि टेलरचा पोरगा? फुंकर मारली तर पडंल. त्याच्या अंगावर तेलकंपनीच्या टीममधला तो दांडगा गडी आला ना, की आपल्याला पोरगा वाळूतून उकरून काढायला लागंल."

अम्माने माझा हात घट्ट धरला. नाखवाचाचांनी दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा तेच, आणखी मोठ्याने. कुणी म्हणालं वाटा मोडतो, कुणी म्हणालं वाटा काय चाटायचा आहे, मागच्या तिन्ही मॅच हरलो. बाबांचा आवाज कुठेच नव्हता. ते उंबऱ्याशी बसले असणार, मला त्यांची पाठ डोळ्यांपुढे दिसत होती. मग नाखवाचाचा तिसऱ्यांदा म्हणाले, "शेवटचं विचारतो. हसनच्या जागी यासीन. कुणाचं काही?"

आणि बैठक गप्प झाली. एकदम गप्प. दाऊदभाईसुद्धा. शेजारचा रेडिओ ऐकू यायला लागला. आम्ही वाट पाहिली, आणखी पाहिली, कुणी बोलेना. अम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं गो," ती म्हणाली, आणि परात उचलून माझ्या हातात दिली. "ने." मी पडद्याखालून परात पुढे सरकवली, बैठकीच्या चटईच्या मधोमध जाईल अशी.

पलीकडे काय झालं होतं ते आम्हांला नंतर कळलं. कुणी कबूल झालं म्हणून गप्प नव्हतं. हसनमामू तोवर एक शब्द बोलले नव्हते. नाखवाचाचांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी विजारीचा पाय वर घेतला आणि गुडघ्याला गुंडाळलेली पट्टी सोडायला सुरुवात केली. सावकाश, एकेक वेढा. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला, काळानिळा. इतके दिवस ते त्याच्यावर खेळत होते आणि तो इतका बिघडलाय हे कुणाला बोलले नव्हते. सगळे त्या गुडघ्याकडे बघत बसले होते. आणि त्या शांततेत माझे बांगड्यांचे हात पडद्याखालून आले आणि मलिदा मधे येऊन थांबला.

"अरे! हे काय?" दाऊदभाई ओरडले. "भाभी, अजून ठरलं नाय! मामू नुसता पाय दाखवत होते!"

अम्माने तोंडावर पदर दाबला. मी तर जागच्या जागी मेले. बाहेर एकच गलका झाला. कुणी हसतंय, कुणी म्हणतंय आत घ्या, आत घ्या.

"आत कशी घेणार?" नाखवाचाचांचा आवाज चढला. "झाकलेली परात हाय. दाऊद, तू नेतंस आत? ने बघू. तुझ्या हाताने ने."

दाऊदभाई काही उठले नाहीत. पण ते हार मानणारे नव्हते. म्हणाले, "मग फातिहा पढू, पण ती मामूंच्या गुडघ्यासाठी. गुडघा बरा होवो म्हणून. ठरण्याचं पुढच्या शुक्रवारी बघू."

ही तोड निघाली तशी पल्याडची माणसं हूं हूं करायला लागली. अम्माने डोळे मिटले. आणि मग हसनमामू बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, हळू.

"दाऊद, हा गुडघा बरा व्हायचा नाय. हा मेला. मेलेल्यावरपण फातिहा पढतात. पढा. आणि पढायच्या आधी त्याचा वारस ठरवून टाका."

पट्टी पुन्हा गुंडाळत ते पुढे म्हणाले,

"जागा पल्याडची हाय ना? मग मी पल्याडचाच. मी देतो. इक्बाल धावतो, मना माहीत हाय. पण हा टेलरचा पोरगा चेंडू पायाशी यायच्या आधी मान वळवून बघतो, कोण कुठे हाय. मना हे शिकायला किती वर्षं लागली आणि ह्याला कुणी शिकवलंन, मना माहीत नाय."

मला माहीत होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर ते शिकणं झालं होतं, कांदे-बटाटे मांडून. पण मी पडद्याआड होते.

"आणि वाटा?" दाऊदभाई म्हणाले. पण त्यांचा आवाज खाली आला होता.

"वाटा मोडायचा नाय. उद्यापासून पोरगा माझ्याबरोबर राईला. गॅरेजात काम, पल्याडच्या खोलीत झोप, पल्याडच्या ताटात जेवण. पल्याडचाच झाला की. मग तर काय बोलणं नाय ना तुझं?"

नाखवाचाचा म्हणाले, "बापाला विचारायला पाहिजे."

"बापाला बोलायची मनाई हाय," कुणीतरी आठवण दिली. "आपलीच रीत."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. असं कधी केलं नव्हतं. बाबा चपलांच्या मधे गुडघे दुमडून बसलेले होते. यासीनला द्यायचं म्हणजे त्याला घरातून द्यायचं, हे त्यांना कळलं होतं. एकच तर मुलगा. कुणाकडे न बघता त्यांनी दोन्ही हात दुआसाठी वर केले. सगळ्यात आधी त्यांनी केले. ते पाहून हसनमामूंनी केले, मग नाखवाचाचांनी, मग एकेकाने. शेवटी दाऊदभाईंनी. फातिहा झाली, आमीन झालं, आणि कापड काढल्यावर सगळ्यांत मोठी मूठ दाऊदभाईंनी घेतली. "गूळ जास्त झालाय," एवढं ते म्हणाले आणि पुन्हा घेतली.

यासीन समुद्रावरून आला तेव्हा परात रिकामी होती. अम्माने त्याच्यासाठी वाटीत काढून ठेवलेला मलिदा त्याच्या तोंडात घातला. ते बघून त्याला काय ते कळलं, कारण ठरल्याशिवाय तो पदार्थ कुणाच्या तोंडात जात नाही. तो गच्चीवर पळत गेला आणि बराच वेळ खाली आलाच नाही. अम्मा मात्र रडत होती आणि चिडतही होती. "पल्याडच्या ताटात काय जेवणार माझा पोरगा? कुळथाचं पाणी? त्यांना सुकट भाजता येत नाय!" बाबा मशीनवर जाऊन बसले. शुक्रवारी ते कधी मशीनवर बसत नसत.

पुढे खूप वर्षांनी, अम्मा म्हातारी झाल्यावर, मी तिला विचारलं होतं, "अम्मा, खरंच तुला वाटलं होतं का ठरलं म्हणून?" ती म्हणाली, "सगळे गप्प झाले होते ना?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग?" आणि पान लावायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही. चूक असो की काही असो, मी त्या परातीची आभारी आहे.

यासीन राईला गेला आणि त्याच आठवड्यात बोट सुटली. आम्ही दोघं तिच्यात नव्हतो. घर मात्र मोकळं मोकळं झालं. रोटी आणायला कुणी नव्हतं, बाबा कामात, अम्माचे पाय दुखत. मग मलाच बुरखा घेऊन कोपऱ्यावरच्या भट्टीवर जावं लागलं. पहिल्या दिवशी मी नुसती बोटं दाखवली. दुसऱ्या दिवशीही. काही दिवसांनी त्या इराण्याने मुद्दामच माझ्या बोटांकडे बघायचं सोडलं आणि भट्टीत डोकं घालून म्हणाला, "किती?" मी म्हटलं, "खम्सा." पाच. परक्या माणसाशी, परक्या भाषेत, माझा पहिला शब्द. त्याने पाच दिल्या आणि वर एक लहानशी, लहान मुलांना देतात तशी. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही. पण नमाजानंतर दुआ मागताना तो अजून मला आठवतो.

यासीन गुरुवारी संध्याकाळी येई. अंगाला ग्रीसचा वास, नखं काळी, खांदे रुंद होत चाललेले. बोलणंही थोडं पल्याडचं व्हायला लागलं होतं, आणि अम्मा त्याला त्यावरून चिडवी. तो सांगे की हसनमामू पहाटे त्याला वाळूत पळवतात, स्वतः टायरवर बसून. आणि दाऊदभाई? दाऊदभाई त्याच्याशी बोलतच नाहीत. एका खोलीत राहूनसुद्धा नाही. ताटात समोर बसतात आणि मीठ हवं असलं तरी दुसऱ्याकडे मागतात.

त्याची पहिली मोठी मॅच फिंतासला झाली, तेलकंपनीच्या टीमशी. समुद्राकाठी खजुरीची झाडं, विहिरी आणि मधे वाळूचं मैदान. गॅरेजच्या मालकाने लॉरी दिली होती. मागच्या भागाला ताडपत्री बांधून बायकांची सोय केली होती, म्हणजे अम्मा, मी आणि आणखी दोन-तीन घरच्या बायका. तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेल्या माशांचे डबे आमच्या पायांशी. ताडपत्रीच्या भोकातून मी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल पाहिला. आणि मला सगळं ओळखीचं वाटलं. हा राईट आऊट, हे दोन बॅक, आणि मधे सडपातळ यासीन, चेंडू यायच्या आधीच मान वळवणारा. चेंडू त्याच्याकडे येई आणि थांबत नसे, लगेच ज्याला हवा त्याच्याकडे जाई. बाहेर हसनमामू काठी टेकून उभे, आणि काठी विसरून ओरडत होते. अम्मा मला सारखी विचारत होती, "आता काय झालं? आता काय?" आणि मी तिला सांगत होते. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते.

एक गोल आपण केला, एक त्यांनी. खेळ संपत आला होता तेव्हा तो तेलकंपनीवाला दांडगा गडी यासीनच्या अंगावर आला. दाऊदभाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. यासीन उडाला आणि तोंडावर पडला. अम्मा किंचाळली. पंचाने शिट्टी वाजवली नाही, खेळ चालूच होता. आणि मी पाहिलं की आपल्या गोलातून दाऊदभाई निघाले. ते एवढं धूड, पण काय धावले! इक्बाल काय धावेल असे धावले. मैदान ओलांडून ते त्या गड्यापुढे जाऊन उभे राहिले आणि लॉरीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात ओरडले, "आमच्या पल्याडच्या पोराला लाथ मारतंस? आमच्या पोराला?" तो गडी हिंदी जाणत नव्हता, आमची बोली तर सोडाच, तरी तो दोन पावलं मागे सरला. आणि तेवढ्यात मागे, रिकाम्या गोलात, त्यांच्या दुसऱ्या गड्याने चेंडू चालत नेऊन ठेवला.

आम्ही हरलो.

परतायच्या वेळी माणसं लॉरीजवळ जमली. नाखवाचाचा संतापले होते. "गोल सोडून गेलास? गोलकीपर गोल सोडून जातो?"

"पोरगा पडला होता," दाऊदभाई म्हणाले.

"म्हणून गोल सोडायचा?"

"मग काय पोरगा सोडायचा?"

यासीन चाकाला टेकून बसला होता, ओठ फाटलेला, मिसरुडात वाळू. दाऊदभाई त्याच्या शेजारी बसले आणि आपल्या खांद्यावरच्या रुमालाने त्याचं तोंड पुसायला लागले. इतके जोराने की यासीन ओय ओय करत होता. आत अम्मा डबे उघडत होती. तिने मोठ्यात मोठा तळलेला मासा भाकरीवर ठेवला आणि माझ्या हातात दिला. मला वाटलं यासीनसाठी. ती म्हणाली, "आधी दाऊदभाईंना."

मी ताडपत्री बाजूला केली आणि हात बाहेर काढला. त्यांचं लक्ष नव्हतं, ते पुसत होते. यासीनचं होतं. तो माझ्याकडे बघून थांबला होता, नेहमीप्रमाणे मी त्याला सांगीन आणि तो त्यांना सांगेल म्हणून.

"दाऊदभाई," मी म्हटलं, "घ्या. तुमच्यासाठी हाय."